एका इंजिनाचा ताप

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला की मी दरवर्षी एखादा ऋतुमानाला साजेसा विषय निवडत असे. पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस, मधुमेही व्यक्तीचा आहार, उच्च रक्तदाब आणि आपण, असे लेख आपण गोड मानून घेतलेत. यंदा मात्र मी एका आगळ्या रुग्णाविषयी लिहिणार आहे. त्याचे वजन जेमतेम दोन किलो, उंची वीतभर, आणि ताप मात्र दीडशे अंश सेल्सियसच्या घरात. हा रुग्ण म्हणजे माझ्या चिरंजीवाची रेडिओ नियंत्रकावर चालणारी, नायट्रो इंधनाची छोटी मोटार.

दहावीच्या निकालानंतर त्याने ती मागून घेतली होती. बॅटरीवरची घे, असे मी सुचवले. पण त्याला खरे इंजिन हवे होते. धूर सोडणारे, तेल गळणारे, दोरी ओढून सुरू करावे लागणारे. पुढील दोन वर्षांत अभ्यासाखेरीज आम्हा बापलेकांत जे काही बोलणे झाले, ते बहुतेक या गाडीसंबंधीच झाले. सिल्वासातील आमच्या घरामागे, औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक मोकळी जागा आहे. रविवारी सकाळी तो गाडी फिरवी आणि मी चहाचा कप हातात धरून पाहत उभा राही. ऑगस्ट २०२२ मध्ये तो शिक्षणासाठी पुण्यास गेला. दिवाळीच्या सुटीत आला, गाडी नीट जुळवून दिली, आणि जाताना ती माझ्या स्वाधीन केली. सोबत एक शंभर पानी वही होती. तिच्यात रकाने आखलेले होते : तारीख, हवेचे तापमान, सुईची स्थिती, इंजिनाचे तापमान, धूर, आवाज. ‘‘बाबा, सगळे रकाने भरा हं,’’ असे त्याने दोनदा बजावले होते.

रुग्णाची शरीररचना

पुढील हकिगत कळण्यासाठी या इंजिनाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. त्याची क्षमता अडीच घन सेंटिमीटर, म्हणजे औषधाच्या अर्ध्या चमच्याएवढी. एवढ्याशा जागेत पिस्टन मिनिटाला पंचवीस-तीस हजार वेळा वरखाली होतो. नेहमीचा ठिणगीचा प्लग त्यात नसतो. त्याऐवजी प्लॅटिनमच्या तारेचे एक बारीक वेटोळे असते. सुरू करताना त्याला दीड व्होल्टच्या सेलने लाल करावे लागते. मग सेल काढून घेतला तरी मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने व दाबाच्या उष्णतेने ते तापलेलेच राहते. रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने १९४७ मध्ये हा प्लग बाजारात आणला आणि हौशी विमाने व मोटारी बनवणाऱ्यांचे जगच बदलून गेले. माझ्या पिढीतील ज्यांनी एनसीसीच्या हवाई शाखेत प्रतिकृती विमाने उडवली असतील, त्यांना एरंडेलाचा तो जळका वास आठवत असेल.

या इंजिनाचे इंधन फार विचार करण्यासारखे आहे. त्यात वीसेक टक्के नायट्रोमिथेन, दहा-बारा टक्के तेल आणि उरलेले मिथेनॉल असते. वंगणासाठी वेगळे तेल नाही, थंडाव्यासाठी वेगळे पाणी नाही. मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत येणारे इंधन स्वतःच इंजिनाला थंड करते. त्यातले तेल पिस्टनला वंगण पुरवते. म्हणजे या जिवाचे अन्न, पाणी आणि तेल एकाच नळीतून येते. इंधन कमी पडले की तिन्हींचा तुटवडा एकदमच होतो. हौशी लोक याला मिश्रण ‘लीन’ झाले म्हणतात. इंधन गरजेपेक्षा जास्त झाले की ‘रिच’. हे प्रमाण ठरवण्यासाठी कार्ब्युरेटरवर एक बारीक सुई असते. ती आत पिळली की इंधन कमी, बाहेर सोडली की जास्त. आणि हे फिरवणे तरी किती? घड्याळाचा तासकाटा एका तासात जेवढा सरकतो, तेवढेच एका वेळी.

निरोगी इंजिनाचे तापमान माथ्यावर साधारण ९५ ते १३० अंश सेल्सियस असावे. ते फार वर जाणे वाईट, तसेच फार खाली राहणेही वाईट. कारण पितळी सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता केलेला असतो आणि तापल्यावर प्रसरण पावूनच तो पिस्टनशी योग्य जुळतो. गार इंजिन पळवले तर घर्षणाने त्याची झीज होते.

पहिला झटका

डिसेंबरमधील एका रविवारी मी प्रथमच एकट्याने गाडी बाहेर काढली. हवेत छान गारवा होता. गाडी सुरू झाली ती अशी काही सुसाट धावली की मी स्वतःवरच खूश झालो. दिवाळीत मागे निळसर धुराची रेघ दिसत असे, तीही आज नव्हती. किती स्वच्छ चालते आहे, असे मला वाटले. चार-पाच मिनिटांत गाडी आचके देऊन थांबली.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे २०२० पासून कपाळाचा ताप घेणारे ते पिस्तुलासारखे यंत्र आहे. मी ते आणून इंजिनावर रोखले. पडद्यावर अक्षरे उमटली : ‘हाय’. माणसाच्या तापासाठी केलेले यंत्र, त्याच्या आवाक्याबाहेर गेल्यावर ते आणखी काय सांगणार? यंत्राचा ‘हाय’ इंग्रजी होता. माझ्या तोंडून निघालेला मात्र अस्सल मराठी. माथ्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो क्षणात चर्रकन उडून गेला. निरोगी इंजिनावर तो तीन-चार सेकंद तरी रेंगाळायला हवा.

चिरंजीवाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न तापाविषयी विचारलाच नाही. ‘‘धूर दिसत होता का?’’ नाही, म्हणालो. ‘‘बाहेर थंडी आहे का?’’ आहे. ‘‘मग लीन झालीय. सुई एक तासभर बाहेर सोडा.’’

थंडीत इंजिन अधिक तापते, हे मला पटेना. मग त्याने समजावले. ऑक्टोबरच्या पस्तीस अंशांत जुळवलेले इंजिन चौदा-पंधरा अंशांवर आणले की हवा सुमारे सात टक्क्यांनी दाट होते, शिवाय बाष्पही कमी. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू जास्त येतो, इंधन मात्र तेवढेच राहते. वेग वाढतो, धूर नाहीसा होतो, सारे काही उत्तम चालल्याचा भास होतो आणि तेवढ्यात ताप चढतो. परीक्षेपूर्वी न जेवता, न झोपता तरतरीत दिसणारी मुले आपण पाहतोच. सुई तासभर सोडली, धुराची रेघ परत आली. वापीहून कारखान्यांत वापरतात तसा अवरक्त किरणांचा तापमापक आणला. त्यावर ११८ अंश दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

आकडा खाली आला

जानेवारीच्या अखेरीस ताप पुन्हा चढू लागला. हवेत तर फरक नव्हता. यावेळी मी फोन केला नाही. रोगाचे निदान एकदा झालेले होते आणि औषधही ठाऊक होते. सुई एक तास बाहेर सोडली. थोडा उतार पडला. पुढच्या रविवारी आणखी दोन तास. त्यानंतर आणखी दोन. तापमापक १२० दाखवू लागला, मग ११०. वहीत तापमानाचा रकाना मी नेटका भरत गेलो. धूर आणि आवाज हे रकाने रिकामेच राहिले, कारण आकडा समोर असताना त्यांची गरज मला वाटली नाही.

वास्तविक कानावर बरेच काही येत होते. वेगाचा खटका सोडल्यावरही इंजिन लगेच शांत होत नसे. क्षणभर किंचाळत राही आणि मग अचानक बंद पडे. उभ्या जागी त्याचा आवाज एकसारखा नसे, चढउतार होई. हे सारे मी ऐकले आणि सोडून दिले. ताप उतरला आहे ना, मग बाकीचे हळूहळू सुधारेल, अशी माझी समजूत होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी दोरी ओढली तर हाताला विरोधच जाणवला नाही. चांगल्या इंजिनाचा पिस्टन गार असताना वरच्या टोकाशी किंचित अडतो. आमचा मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. दाब उरलाच नव्हता. ताप ११० आणि रुग्ण गतप्राण.

मिस्त्रींचे निदान

आमच्या रस्त्याच्या टोकाला दुचाक्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. मूळचे खानदेशातले, पोटासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडे इंजिन घेऊन गेलो. खेळण्यातले म्हणून ते हसतील असे वाटले होते, पण त्यांनी ते तळहातावर घेऊन फार ममतेने पाहिले. मी सांगितलेली सारी हकिगत ऐकली आणि मधेच विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, रेस सोडल्यावर आवाज लगेच बसत होता का?’’ नाही, म्हणताच ते म्हणाले, ‘‘मग कुठून तरी हवा ओढत असणार.’’

परीक्षेसाठी त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली घेतली. पंक्चर काढताना वापरतात तीच. कार्ब्युरेटरचे तोंड रबरी बुचाने बंद केले. इंधनाची नळी दाबून धरायला काही हवे होते, म्हणून मी दवाखान्यातून आर्टरी फोर्सेप्स आणला. हवा भरण्यासाठी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा आणला. सायलेन्सरच्या बाजूने त्यांनी हलकेच हवा भरली आणि बोटाने फ्लायव्हील हळूहळू फिरवू लागले. एका विशिष्ट जागी येताच कार्ब्युरेटर जिथे इंजिनात बसतो, त्या मानेपाशी बारीक बुडबुड्यांची माळ उठली. तिथली ओ-रिंग दबून कडक झाली होती.

मग सगळा उलगडा झाला. कार्ब्युरेटरने मोजून दिलेल्या हवेखेरीज आणखी हवा त्या फटीतून आत जात होती. म्हणून मिश्रण लीन, म्हणून ताप. मी सुई सोडून अधिक इंधन घातले, तेव्हा भरधाव धावताना ताप उतरला. पण मंद गतीला, जेव्हा कार्ब्युरेटरमधून हवा कमी आणि फटीतून तुलनेने जास्त येते, तेव्हा इंजिन उपाशीच राहत होते. ते किंचाळणे हीच त्याची तक्रार होती. आणखी एक गोष्ट घडत होती. कार्ब्युरेटरची हवा तेल लावलेल्या स्पंजातून गाळून येते. फटीतून येणारी हवा गाळलेली नव्हती. आमच्या भागातील हिवाळ्याची कोरडी, बारीक धूळ प्रत्येक फेऱ्यागणिक आत जात होती आणि सिलिंडर घासत होती. तापाचा आकडा मी खाली आणला; धुळीची वाट मात्र तशीच उघडी राहिली. इंजिन तापाने गेले नाही, धुळीने गेले.

मिस्त्रींनी जाता जाता आपला क्रमही सांगितला. तो मला आपल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या तपासणीइतकाच शास्त्रशुद्ध वाटला. आधी बाहेरचे पाहा : माथ्याच्या पात्यांत माती बसली आहे का, वरच्या कवचाला हवा खेळायला खिडकी कापली आहे का, ब्रेक घासतो आहे का, चाके हाताने मोकळी फिरतात का. मग इंधन पाहा : डबा उघडा राहिला होता का, कारण मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, नळीला टाचणीएवढे भोक आहे का, टाकीचे झाकण घट्ट बसते का. मग सांधे पाहा : कार्ब्युरेटरची मान, मागच्या झाकणाचे पॅकिंग. प्लग काढून तारेचा रंग पाहा. ओली व चकचकीत असेल तर इंधन जास्त, करडी व वेडीवाकडी असेल तर कमी. सुईला हात सगळ्यात शेवटी.

चिरंजीवाचा प्रश्न

त्या रात्री पुण्यास फोन केला. इंजिन गेले, हे सांगणे मला एखाद्या नातेवाइकाला वाईट बातमी देण्याइतके जड गेले. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘बाबा, वहीत आवाजाचा रकाना होता.’’ आणि मग, अगदी सहज, ‘‘दवाखान्यात पण तुम्ही आकडा खाली आला की घरी पाठवता का?’’

त्याने ते टोचण्यासाठी विचारले नव्हते. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी खानवेलच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक मुलगी माझ्याकडे येत असे. आठ-नऊ वर्षांची असेल. ताप आणि हातपाय दुखणे, एवढीच तक्रार. मलेरियाची तपासणी नकारार्थी आली. मी ताप उतरवला, सलाइन दिले, दोन दिवसांत मुलगी हसू लागली, घरी गेली. दीड महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा मी ताप उतरवला. तिसऱ्या खेपेस तिची आई म्हणाली, ‘‘थंडी पडली का हिचे हाल होतात.’’ मी ते ऐकले आणि केसपेपरवर लिहिले नाही. चौथ्या खेपेस माझ्या प्रयोगशाळेतील मदतनीसाने, तिचा फिकेपणा पाहून, सिकलिंगची तपासणी करू का, असे विचारले. त्याचे उत्तर होकारार्थी आले. आजार तिच्या रक्तपेशींतच होता. १९१० मध्ये हेरिकने प्रथम वर्णन केलेला, आपल्या वारली, कोकणा, धोडिया बांधवांत वावरणारा हा आजार मी पदवी परीक्षेपासून ओळखत होतो. थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे ही त्याच्या वेदना उसळण्याची कारणे, हेही मला पाठ होते. तरी तीन वेळा मी फक्त तापमापक पाहिला.

मुलगी सुदैवाने बचावली, नियमित उपचारांवर राहिली. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि घरोघर तपासणी होऊ लागली, तेव्हा मला तिची आठवण झाली. त्या तीन भेटींत तिने ज्या वेदना सोसल्या, त्यांचा हिशोब मात्र माझ्या नावावर राहिला आहे. ही गोष्ट मी आजवर कोणत्याही सभेत सांगितली नव्हती.

पुनर्वसन

उन्हाळ्याच्या सुटीत चिरंजीव घरी आला. नवा पिस्टन आणि सिलिंडर कुरिअरने मागवले होते. ओ-रिंग बदलली, कार्ब्युरेटरच्या मानेला उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनचा पातळ थर दिला, मागचे पॅकिंगही नवे घातले. पुन्हा एकदा बादलीत बुडवून पाहिले, बुडबुडा नाही. मग नव्या इंजिनाला वळण लावण्याचे काम. मुबलक इंधनावर, मंद गतीने एक टाकी चालवायची, पिस्टन खालच्या टोकाला आणून थांबवायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मग दुसरी टाकी. असे पाच वेळा. मला घाई होती, त्याला नव्हती. गाडी गार होण्याची वाट पाहत आम्ही कट्ट्यावर बसून राहत असू. त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत तो त्याच्या वसतिगृहाविषयी, पहिल्या सत्रात गेलेल्या एका विषयाविषयी बोलला. तो विषय गेल्याचे मला तोवर ठाऊक नव्हते. माझ्या फोनवरच्या प्रश्नांना तो नेहमी गुणांचे आकडे सांगे, आणि ते आकडे ठीक असत.

ही हौस करू इच्छिणाऱ्या व्यवसायबंधूंना एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. या इंधनातील मिथेनॉल हे तेच विष आहे, ज्याने जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी घेतले. शुद्ध मिथेनॉलचे दहा मिलिलिटरदेखील दृष्टी हिरावू शकतात. त्याचा डबा कुलपात ठेवावा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही काढू नये, आणि इंजिन बंद खोलीत चालवू नये.

वही अजून चालू आहे. शेवटची नोंद गेल्या रविवारची : हवा २९ अंश, इंजिन ११६ अंश, धूर बारीक निळसर, आवाज सोडताच बसतो. दवाखान्यातील केसपेपरवरही मी तापाच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडू लागलो आहे. रुग्णाबरोबर आलेली आई, बायको किंवा आजी जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत तिथे लिहितो. कधी कधी ती ओळ पुरत नाही, आणि मग मागचे पान वापरावे लागते.